गाडी बंद करू नकोस!

बारामतीत शिरल्या शिरल्या पेट्रोल पंपावर माझ्या गाडीनं मान टाकली. म्हणजे बंद मीच केली होती. पण टाकी फुल्ल झाल्यावर बाईसाहेब सुरू व्हायला तयार नाहीत. स्टार्टर जोरजोरात फिरतोय, इंजिन ढिम्म. मे महिन्यातली दुपार, अंगावर लग्नासाठी नेसलेली सिल्कची साडी, शेजारी आई आणि मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. पंपावरच्या दोन पोरांनी गाडी ढकलून लिंबाच्या सावलीत लावली. पंचवीस मिनिटांनी चावी फिरवली, तर एका झटक्यात सुरू. जणू काही झालंच नव्हतं!

हे नाटक मला नवीन नव्हतं. फ्रीलान्सिंगच्या पैशातून घेतलेली माझी सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, वय वर्षं अकरा. थंड असली की गुणी बाळ. पण तापलेली असताना बंद केली, की संपलं. पुण्यात गॅरेजला दाखवली होती. तिथं ती रात्रभर थंड झाली आणि सकाळी शहाण्या मुलीसारखी पहिल्याच चावीला सुरू झाली. त्यांनी नवी बॅटरी, नवे प्लग आणि जुनंच उत्तर दिलं, ‘आम्हाला तर काही प्रॉब्लेम दिसला नाही मॅडम.’ आजारी माणूस डॉक्टरसमोर बसला की ताप उतरतो ना, तसलंच.

मग मी माझा सॉलिड उपाय काढला. गाडी बंदच करायची नाही! लग्नाचं जेवण होईपर्यंत ती निवांत थंड झाली. नंतर मात्र बारामती आम्ही काचेतूनच पाहिली. कऱ्हा नदी काचेतून, मोरोपंतांचं गाव काचेतून. अठराव्या शतकातले हे मयूर कवी इथंच राहिले. त्यांच्या ‘केकावली’च्या नावाचा अर्थ मोराच्या हाकांची माळ. देवाला आळवण्यासाठी त्यांनी ती लिहिली; दुपारी पंपावर माझ्या स्टार्टरनंही तेच केलं होतं.

त्या दिवशी खरं तर उशीर परवडणार नव्हता. इंदापूरला मावशी तयार होऊन बसली होती. तिला घेऊन अंधार पडायच्या आत पळसदेव गाठायचं होतं. पळसदेव म्हणजे आईचं माहेर. म्हणजे जुनं पळसदेव. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या पाण्याखाली जी गावं गेली त्यातलं एक. गाव वर, हायवेकडेला आलं. पळसनाथाचं जुनं हेमाडपंती देऊळ मात्र खालीच राहिलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तरच ते उघडं पडतं. आई गावातून उठली तेव्हा लहान होती. त्यानंतर संसार, नोकरी, आम्ही. तिचं जाणं राहूनच गेलं. यंदा मावशीचा फोन आला, ‘देऊळ उघडं पडलंय. पाऊस यायच्या आत ये.’

बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. दोन्हीकडे ऊस आणि मधे पालखी मार्ग. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी असे मुक्काम करत इंदापूरला पोचते. वारकऱ्यांना चार दिवस लागतात. मला तासभर पुरणार होता. पण वाटेत आईला रसवंती दिसली.

‘इंजिन चालू ठेव, मी इथंच पिते,’ म्हणाली बिचारी. रस आला, आल्याचा, बर्फ घालून. ग्लास घ्यायला वळले आणि हात सवयीनं चावीकडे गेला. खट्! आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

रसवंतीवाल्यानं फोन केला आणि पुढच्या जंक्शन गावातून (हो, नावच जंक्शन) एक मेकॅनिक बाइकवरून आला. पंचविशीचा असेल. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी मला तीन प्रश्न विचारले, जे पुण्यात कुणीच विचारले नव्हते.

‘ताई, चावी मारल्यावर नुसतं टक् होतंय का स्टार्टर फिरतोय?’ फिरतोय. ‘मग बॅटरी आन् स्टार्टर सोडा.’ गरम असताना नुसतं टक् झालं असतं, तर त्यानं तेच आधी धरलं असतं. दुसरा प्रश्न, ‘नुसती चावी ऑन करा. मागच्या सीटखाली दोन सेकंद घूं ऐकू येतंय?’ येत होतं. म्हणजे पेट्रोलचा पंप जिवंत. तिसरा तर झकासच. ‘आता स्टार्टर मारा, पण आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा.’ काटा शून्यावर मेल्यासारखा पडलेला. ‘घावलं,’ म्हणाला.

क्रँक सेन्सर. इंजिनाच्या चाकाजवळ बसवलेलं अंगठ्याएवढं बोंडूक. माझ्या गाडीत त्याच्या पोटात लोहचुंबक आणि केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. इंजिन फिरतंय ही बातमी तो गाडीच्या कॉम्प्युटरला देतो. जुना झाला की आतली तार तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा चिकटते. बातमी नाही, तर कॉम्प्युटर ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. बरं, धावताना चालणारी गाडी थांबल्यावरच का रुसते? कारण इंजिन बंद झालं की आतलं पाणी फिरायचं थांबतं, समोरचा वारा थांबतो, पण धातूत साठलेली उष्णता बॉनेटखालीच पसरत राहते. बंद केल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं तिथं सगळ्यात जास्त तापतं. मी रस प्यायला थांबते नेमकी तेवढीच!

त्यानं रसवंतीवरचं फडकं बर्फाच्या पाण्यात भिजवून, पिळून फक्त त्या सेन्सरवर धरलं. (तापलेल्या इंजिनावर बदाबदा पाणी ओतू नका, ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका.) आई खुदकन हसली. तिच्या तरुणपणी कार्बोरेटरच्या गाड्या घाटात बंद पडल्या की पेट्रोल पंपावर ओलं फडकंच टाकायचे. तेव्हा नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन ते अडायचं. रोग वेगळा, फडकं तेच.

फडकं धरून बसल्या बसल्या त्यानं उजवीकडे बोट दाखवलं, ‘तिकडं वालचंदनगर.’ तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. ते गाव उभं करणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. ज्या पद्मिनी टॅक्सीला मुंबईनं २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप दिला, ती त्याच कंपनीची. आणि मी मात्र त्यांच्या गावच्या फाट्यावर अंगठ्याएवढ्या पार्टसाठी अडलेली!

पाच-सात मिनिटांत गाडी सुरू झाली. नवा सेन्सर त्याच्याकडे नव्हता. ‘सोमवारी बसवा. तोवर ह्यो डॉक्टर संगं ठेवा,’ म्हणत त्यानं फडकं माझ्या हातात दिलं. पैसे म्हणून एक ग्लास रस घेतला.

इंदापुरात मावशीच्या दारात मी गाडी चालूच ठेवली. मावशी मागे बसली, मांडीवर थंड पाण्याची बाटली आणि ते फडकं. पळसदेवला आम्ही पोचलो तेव्हा सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. जिथपर्यंत चाक रुतत नाही, तिथपर्यंत गाडी नेली. पुढे भेगाळलेला गाळ आणि त्यापलीकडे काळंभोर शिखर. दोघी बहिणी उतरल्या. मी स्टिअरिंगवरच, इंजिन चालू.

आई चार पावलं गेली आणि थांबली. मावशी बोटानं काहीतरी दाखवत होती: तिथं वाडा, तिथं आड, तिथं शाळा. तिथं सपाट गाळाशिवाय काहीच नव्हतं. आई कान देऊन ऐकायचा प्रयत्न करत होती, मग माझ्याकडे वळली.

‘अगं, बंद कर ना ते. मला काही ऐकूच येत नाहीये.’

मी चावी फिरवली.