मुदतीच्या मध्येच भाडेवाढ

भाडं वाढतं, हे मला मान्य आहे. पुण्यात धायरीला राहायला आल्यापासून ते वाढतंच आहे. पण कराराचे पाच महिने शिल्लक असताना रात्री मोबाइलवर दोन ओळी टाकायच्या, ‘पुढच्या महिन्यापासून 13,500 ऐवजी 17,000, जमत नसेल तर फ्लॅट खाली करा’, हे मला आजही पचलेलं नाही.

आम्ही मूळचे बार्शीकडचे. नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये मी हिशेब बघते. करार लीव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदणी झालेला. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, तेव्हा मी प्रत्येक पान वाचूनच अंगठा दिला होता. भाडेवाढीचं कलम त्यात नव्हतं आणि पूर्ण मुदतीचा लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट, दोघांनाही लागू होती.

मी मालकांना फोन केला. म्हटलं, “काका, करार अजून संपला नाही.” ते म्हणाले, “ताई, 2017 ला धायरी महापालिकेत गेली, टॅक्स वाढला. शेजारच्या विंगमध्ये अठरा हजार मिळतात.” कराराबद्दल एक शब्द नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात एजंट, मागे एक नवरा-बायको आणि त्यांची आई. “ताई, फक्त बघून जातो.” माझी मुलगी आंघोळीला गेलेली, कुकर गॅसवर, आणि ही मंडळी चपला काढून आत. त्या आजींनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाणी किती येतं ते पाहिलं. टँकर किती दिवसांनी लागतो, असं मलाच विचारलं. मी उत्तर दिलं, कारण त्यांचा काय दोष? एजंट बेडरूमच्या दारात उभा राहून सतरा हजारांचा आकडा सांगत होता. आमचे कपडे दोरीवर, आमची भांडी ओट्यावर, आणि आमच्यादेखत त्या घराचा भाव ठरत होता. संध्याकाळी दुसरं कुटुंब आलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी साखळी काढलीच नाही. आतूनच सांगितलं, “करार संपेपर्यंत घर दाखवायचं नाही.” एजंट जिन्यातून मोठ्याने बोलत गेला, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. भाडेकरू म्हणजे कोणीही यावं आणि घर उघडून बघावं, हे कोणी ठरवलं?

ऑफिसातल्या एकीच्या ओळखीने शिवाजीनगर कोर्टातल्या वकीलबाईंना भेटले. मला वाटत होतं, कायद्यात वर्षाला 4 टक्क्यांचीच वाढ आहे, म्हणजे आपण सुरक्षित. त्यांनी समजावलं की 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातली ती 4 टक्क्यांची मर्यादा भाडेकरूसाठी आहे, लायसन्सवर राहणाऱ्यासाठी नाही. पेठेतल्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना ती लागू. भाड्याच्या रकमेबाबत आम्हाला लागू फक्त करार. मुदत संपल्यावरही राहिलं, तर कलम 24 प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतात आणि दुप्पट शुल्क भरावं लागतं. मात्र मुदतीच्या आत लिहिलेली रक्कम एकट्या मालकाला बदलता येत नाही.

मालकांची भीती कुठून आली, हेही त्यांनी सांगितलं. 1973 साली लायसन्सवर राहणाऱ्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा मिळाला आणि अनेकांची घरं अडकली. तेव्हापासूनचा धसका. हे ऐकून मला काकांचं थोडं पटलंसुद्धा.

मी साध्या मराठीत पत्र लिहिलं: कराराचा नोंदणी क्रमांक, मुदतीची तारीख, ठरलेली रक्कम, आणि तीच रक्कम बँकेतून भरत राहीन. स्पीड पोस्टने पाठवलं. काकांचा फोन आला, “तुम्हाला घरात घेतलं आणि तुम्ही मलाच नोटीस पाठवता?” पण भाडं 13,500 च राहिलं, एजंटही परत फिरकला नाही.

मुदत संपली तेव्हा त्यांनी पुन्हा 17,000 मागितले. आता अडवणारा कायदाच नव्हता. आम्ही बेनकर वस्तीकडे दुसरं घर पाहिलं. चावी देताना काका म्हणाले, मुलाच्या नावावर कर्ज आहे, हप्ता थकतो. तेव्हा त्यांच्यावर राग धरवेना. दुसऱ्या दिवशी रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधून कापलेली रक्कम बघितली आणि राग तसाच्या तसा परत आला.

केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. करारात भाडेवाढ ठरली नसेल, तर तीन महिने आधी लेखी नोटीस द्यावी, असं त्यात आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तीन महिन्यांत शाळेजवळ घर शोधता येतं, डिपॉझिट जमवता येतं. महाराष्ट्राने निदान एवढं कलम तरी लायसन्सवाल्यांसाठी आणावं, आणि लवकर आणावं.

तोवर, धायरी-नऱ्हे-वडगाव पट्ट्यात कोणाला असा मेसेज आला असेल, तर आधी करारातला लॉक-इन बघा. तो नसेल आणि एक महिन्याच्या नोटिशीचं कलम असेल, तर मालक मुदतीच्या आतही करार संपवू शकतात. लॉक-इन असेल, तर फोनवर भांडू नका. लेखी उत्तर पाठवा, पोचपावती जपा आणि ठरलेलं भाडं तारखेला बँकेतून भरा.