इंजिनाची निवड

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. माझी काळवंडलेली नखे पाहून "तू आयटीआय सोडून इकडे कसा काय आला बे?" असे मित्रांनी विचारूनही झाले आहे. त्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मला एक निवड करावी लागली, आणि ती वर्गातल्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा अवघड गेली, एवढे मात्र खरे.

आमच्या कामठीला छावणी आहे, ती 1821 सालापासून. त्यामुळे लष्करी गाड्यांचे इथल्या माणसाला फारसे अप्रूप नाही. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या सहा लाखांवर जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कितीतरी भारतातच राहिल्या, लिलावात गेल्या आणि हातोहात फिरत राहिल्या. तशीच एक आजोबांनी 1968 साली घेतली. रामटेकची यात्रा, लग्नाची वऱ्हाडे, संत्र्यांच्या पेट्या, सारे तिने वाहिले. पुढे सांगाडा भंगारात गेला. इंजिन मात्र आजीने विकू दिले नाही. मागच्या पडवीत, पोत्याखाली झाकलेले ते इंजिन पाहतच मी लहानाचा मोठा झालो.

शिकवण्या करून चार पैसे जमले, तेव्हा ते इंजिन पुन्हा बांधायचे मी ठरवले. आजीला तसे सांगूनही टाकले. तिने नुसती मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी पडवी झाडून ठेवलेली दिसली.

आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजचे चाचा या इंजिनाला 'साइड व्हॉल्व्ह' म्हणतात. याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसतात, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात. म्हणून हेड म्हणजे केवळ एक सपाट झाकण. ते उचलले की पिस्टन, व्हॉल्व्ह सगळे डोळ्यांसमोर. चार सिलिंडर, सुमारे 2200 सीसी, 60 अश्वशक्ती. दाब कमी असल्यामुळे हलक्या पेट्रोलवरही ते कुरकुर करीत नाही. पण या साधेपणाची किंमत असते. जळालेला तप्त वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडतो. त्या उष्णतेने व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत भेग जाण्याची भीती असते.

चाचांकडे आणखी दोन इंजिने पडून होती. एक नंतरच्या महिंद्र जीपचे 'हरिकेन'. त्यात आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये चढलेला, म्हणून ताकद थोडी जास्त. सुटे भागही सहज मिळतात. शहाण्याने तेच घ्यावे. दुसरे एका विहिरीवरच्या पंपाला जोडलेले होते. ब्लॉकच्या पुढच्या भागावरचा गंज घासला तेव्हा 'जीपीडब्ल्यू' ही अक्षरे निघाली. म्हणजे फोर्डने केलेले युद्धकाळातले इंजिन. पिस्टन गंजून इतके अडकलेले की पाना लावून लोंबकळलो तरी हलेनात. त्यापुढे आमचे इंजिन राजबिंडे दिसत होते.

"दिसण्यावर जाऊ नको," चाचा म्हणाले. आमच्या ब्लॉकवर त्यांनी रॉकेल चोपडले, थोड्या वेळाने कोरडे पुसले आणि वर खडूची पूड भुरभुरली. आम्ही बिडी विझेपर्यंत थांबलो. तिसऱ्या सिलिंडरजवळच्या पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ उमटली. भेगेत शिरलेले रॉकेल बाहेर येत होते. मापे घेतली, तर सिलिंडर आधीच 60 थाऊ मोठे केलेले. इंचाच्या हजाराव्या भागाला कारखान्यात थाऊ म्हणतात.

"भरता नाही येणार?" मी विचारले.

"बिडाचं वेल्डिंग म्हणजे जुगार. बेटा, पिस्टन बदलता येते, हेड बदलता येते. ब्लॉकच गेला तर काय बदलशील?"

त्या गंजक्या इंजिनात चाचांनी रात्रभर डिझेल ओतून ठेवले. आठवड्याने, लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकल्यावर, पिस्टन सुटले. ब्लॉकवर खडू पांढराच राहिला. बोअर फक्त 20 थाऊ वाढलेले. म्हणजे अजून वाव होता. हरिकेन घ्यावे असे एकदा मनात आले. पण मला ते सपाट झाकणाचेच इंजिन बांधायचे होते, आणि तेवढा हट्ट मी माझ्यापाशी ठेवला.

इतिहासाचे सर सांगतात, साधन कितीही प्रिय असो, आधी ते तपासा. वहीत लिहून घेताना हे सोपे वाटते. आजीला सांगताना माझा घसा कोरडा पडला होता. आजोबांचे इंजिन चालू होणार नाही, दुसऱ्याचेच घ्यावे लागेल, एवढे मी कसेबसे बोललो.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यायनं तरी कुठं नवी घेतली होती रे? दोघा जणायच्या हातातून आली होती. मंग?"

दुसऱ्या दिवशी आमच्या इंजिनाचे हेड चाचांनी काचेवर ठेवून पाहिले. ते सरळ निघाले. विलीजचे हेड फोर्डच्या ब्लॉकवर बसते, कारण नमुना एकच. ते आम्ही लावणार आहोत.

अजून बोअर व्हायचे आहे, रिंगा यायच्या आहेत, पैसेही थोडे कमी पडत आहेत. इंजिन चालू झाले तर आवाज आजोबांच्या गाडीसारखा येईल की नाही, ते आजीच सांगू शकेल. पडवीतला भेग गेलेला ब्लॉक तिने अजूनही विकू दिलेला नाही. आणि आता मीही ते म्हणत नाही.