संत्र्याची ब्रँडी सर्दीवर औषध आहे का?

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त गुरुजी माझ्या माळशिरसच्या दवाखान्यात आले. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "डॉक्टर, जावयांनी परदेशातून आणलीय. संत्र्याची ब्रँडी आहे म्हणे. सर्दीला रोज रात्री दोन-तीन चमचे घेतली तर चालेल ना?"

बाटली फ्रान्सच्या ग्रँड मार्निएची होती. हे लिकर १८८० पासून बनतं. द्राक्षांपासून केलेली कोन्याक ब्रँडी, कडू संत्र्याच्या सालीचा अर्क आणि साखर, एवढंच त्यात असतं. अल्कोहोल ४० टक्के. संत्र्याचा येतो तो सुगंध; त्यातून 'क' जीवनसत्त्व मिळेल या भ्रमात राहू नका.

मग ब्रँडी घेतल्यावर ऊब का वाटते? अल्कोहोलमुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंग गरम लागतं. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर निघून जात असते. सर्दीचे विषाणू त्याने मरत नाहीत. म्हणून लहान मुलांना 'चमचाभर ब्रँडी' कधीही देऊ नका.

गुरुजी हसले. "पण दारूच्या परवान्यात तर 'आरोग्य राखण्यासाठी' असं असतं!" खरं आहे. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याच्या नियमांतली ती जुनी भाषा आहे. तिला डॉक्टरांची चिठ्ठी समजू नका. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

माझी खरी काळजी वेगळी होती. गुरुजींना मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे.

काही वर्षांपूर्वी हीच गोळी घेणारा माझा एक रुग्ण लग्नाच्या वरातीत नाचला, उपाशीपोटी प्यायला आणि बरळू लागला. घरच्यांना वाटलं, चढली आहे. त्यांनी त्याला झोपवलं. सकाळी तो उठेना. माझ्याकडे आणला तेव्हा रक्तातली साखर ३४ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्याने डोळे उघडले. गोळी मीच लिहून दिली होती, पण "दारू घेता का?" हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो.

असं का होतं? उपाशी असताना यकृत रक्तात साखर सोडत असतं. अल्कोहोल त्या कामात अडथळा आणतं, आणि गोळी तर साखर उतरवतच असते. घाम, थरथर, तोल जाणं, बरळणं ही साखर कमी झाल्याची लक्षणं दारू चढल्यासारखीच दिसतात. शंका आली तर लगेच साखर तपासा. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

एरवी धडधाकट असलेल्या आणि अधूनमधून घेणाऱ्यांना याचा आनंद घ्यायचा असेल, तर पोटभर जेवणानंतर छोट्या ग्लासात ३० मिली पुरे. आधी वास घ्या, मग अर्ध्या तासात घोट-घोट संपवा. सोबत पाणी ठेवा आणि नंतर गाडीला हात लावू नका. तेवढ्यात साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असतं. ते निचरायला यकृताला साधारण तास लागतो. गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, झोपेच्या किंवा मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या घेणारे यांनी लांबच राहावं. जे पीत नाहीत, त्यांनी तब्येतीसाठी म्हणून मुळीच सुरुवात करू नये.

"मग सर्दीला काय घेऊ?" गुरुजींनी विचारलं. मी म्हटलं, "वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि आठवडाभर धीर." त्यांनी बाटली पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली. "जावई आले की त्यांनाच देतो. मी आपला वास घेईन!"

तुम्हीही डॉक्टरांना दारूबद्दल खरं सांगा. आम्ही ते रागवायला विचारत नाही. गोळी ठरवायला विचारतो.