सातवं यंत्र



आमच्या स्वयंपाकघरात एस्प्रेसोचं यंत्र दोनदा आलं. पहिलं एकोणीस दिवस राहिलं. दुसरं अजून आहे, आणि त्याच्यामुळे माझ्या नियमाच्या वहीत एक खाडाखोड झाली आहे.

मुलगा चार वर्षं बेंगळुरूला होता. आता घरूनच काम करतो. आमची बरणीतली कॉफी त्याने आल्या आल्या एकदा घेतली. नावं ठेवली नाहीत, पण पुन्हा मागितलीही नाही. मग एक दिवस म्हणाला, "आई, मी एस्प्रेसोचं मशीन घेतोय." मी म्हटलं, "म्हणजे लग्नात मिळते ती?" आमच्या पिढीला एस्प्रेसो म्हणजे तीच. मांडवाच्या कोपऱ्यात ते वाफ सोडणारं मोठं यंत्र, फुस्स आवाज, कपात फेसच फेस आणि वर चॉकलेटच्या पावडरीची चिमूट. तो हसला आणि म्हणाला की ते नुसतं वाफेवर फेसाळलेलं दूध. खऱ्या एस्प्रेसोत वाफेचं काम नाही, दाबाचं आहे. बारीक दळलेल्या कॉफीची चकती घट्ट बसवायची आणि तिच्यातून गरम पाणी नऊ वातावरणांइतक्या दाबाने अर्ध्या मिनिटात ढकलायचं.

यंत्र आलं. मागे पाण्याची टाकी, आत पंप, पंपापुढे लहानसा पितळी बॉयलर, खाली ठिबकणारं पाणी साठवायला ट्रे. तो जोडत असताना सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. त्या व्रती आहेत, चहा-कॉफीचा त्याग करून वीस वर्षं होऊन गेली. त्यांनी एकच विचारलं, "ह्यातलं पाणी कधी गाळलंय रे?"

तुम्हाला सांगायला नकोच. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. लवंग घालून प्रासुक केलं तर सहा तास. चांगलं उकळलं तर चोवीस तास. आमच्या घरामागे अजून आड आहे आणि पाणी दुपदरी जाड सुती गाळण्यातून गाळून जिवाणी पुन्हा आडातच सोडली जाते. मुलगा हे बघतच मोठा झालाय, त्यामुळे त्याने उडवून लावलं नाही. म्हणाला, "आज्जी, उकळून गार केलेलंच भरीन आणि रोज टाकी रिकामी करीन." त्याप्रमाणे केलंही. पण टाकी रिकामी झाली तरी नळीत आणि बॉयलरमध्ये थोडं पाणी राहतंच. ते काल-परवाचं, त्यावरच आजचं येतं. हे त्यानेच मला दाखवलं. माझ्यापासून लपवलं असतं तरी मला कळलं नसतं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचा तांब्या ओट्यावरून उठून देवघराजवळच्या कोनाड्यात गेला. "माझं पाणी मी घेत जाईन," एवढंच म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून सकाळचं त्यांचं पाणी मी देत आले आहे. यंत्राचा आणि त्यांच्या पाण्याचा तसा काही संबंध नव्हता. पण ओटा एक, हात एक. शंका आली की त्या वाद घालत नाहीत, बाजूला होतात. ह्यांना मी सांगितलं तर ते म्हणाले, "होईल सवय." कुणाला, ते नाही सांगितलं.

मग श्रावणातली एक सकाळ. रात्री ट्रे धुवायचा राहून गेला होता. दुधाचे चार थेंब, कॉफीचा गाळ, साखरेचं पाणी. सकाळी ट्रे ओढला तर त्यावर मुंग्यांची काळी साय. मी तो तसाच हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. कामाच्या घाईत होणारी हिंसा आणि हौसेपायी होणारी हिंसा, दोन्हींत मुंगीला फरक नाही. माझ्या मनाला मात्र तो फरक लागला. एक माळ जास्त फेरली, पण त्याने बरं वाटलं असं म्हणणार नाही. मुलाने ट्रे पाहिला. दोन दिवस त्याने यंत्र चालू केलं नाही आणि तिसऱ्या दिवशी बेंगळुरूच्या एका मित्राला विकूनही टाकलं. मी विकायला सांगितलं नव्हतं.

गोष्ट तिथे संपली असती तर आज लिहायला बसले नसते. दिवाळीनंतर तो पुन्हा शोधायला लागला. ह्या वेळी माझ्याशेजारी बसून, आणि त्याचा पहिलाच प्रश्न होता, "पाणी साठत नाही असं काही आहे का?"

आहे. हाताने दाबायचं यंत्र. टाकी नाही, पंप नाही, बॉयलर नाही, वायर नाही. एक उभा सांगाडा, त्यात पोलादी नळकांडं, त्याच्या तळाशी कॉफीची चाळणी, वर दट्ट्या आणि लांब दांडा. पाणी गॅसवर उकळून आपणच नळकांड्यात ओतायचं आणि दांडा खाली ओढायचा. झालं की सगळे भाग सुटे करून धुवायचे, पुसून कोरडे करायचे. आत थेंब राहत नाही. हे काही नवं खूळ नाही, असंही त्याने सांगितलं. मिलानच्या आकिले गाजिया यांनी वाफेशिवाय दाबाने कॉफी काढण्याचं पेटंट १९३८ साली घेतलं, आणि महायुद्धानंतर त्यांची दांड्याची यंत्रं आली, तेव्हा एस्प्रेसोवर ती सोनेरी साय पहिल्यांदा दिसली. सासूबाईंनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तर सोऱ्या." खरंच, चकलीच्या सोऱ्याचंच तत्त्व.

यंत्र आणि हाताने फिरवायची कॉफीची चक्की, दोन्ही मिळून पंचवीस हजारांच्या वर गेले. पैसे त्याचे, पण आकडा ऐकून मला घाम फुटला. वाटलं होतं यंत्रालाच सगळे पैसे लागतील. पण ज्याला विचारावं तो सांगायचा, चक्कीवर काटकसर करू नका. दळण एकसारखं नसेल तर पाणी भुशातून वाट काढतं आणि कॉफी एकाच वेळी आंबट आणि कडू लागते. चक्कीसोबत साफ करायला एक सुंदर लाकडी ब्रश आला होता. त्याच्या वर्णनात बारीक अक्षरांत लिहिलेलं मुलाने वाचलं: डुकराचे केस. हे ब्रश तसेच असतात म्हणे, सर्रास. तुम्ही कुणी घेणार असाल तर आधी विचारून घ्या, नायलॉनचे मिळतात. आम्ही तो परत पाठवला आणि चित्रकलेचा नवा नायलॉनचा ब्रश चक्कीला दिला.

बारीक अक्षरं वाचायची सवय लागली तेव्हा मी आमची जुनी बरणीही उचलून पाहिली. कॉफी इतके टक्के, चिकोरी इतके टक्के. आपल्या नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण वेष्टनावर छापावं लागतं. ते छापलेलं होतंच, मीच कधी वाचलं नव्हतं. चिकोरी म्हणजे मूळ. कांदा, बटाटा, गाजर घरात येऊ न देणारी मी वर्षानुवर्षं मूळ भाजून केलेली पूड पाहुण्यांना पाजत होते! मी सासूबाईंना विचारलं, वाळवलेली हळद, सुंठ चालते, मग ही का नको? त्या म्हणाल्या, "चालेल की नाही ते पुढे बघू. आधी आहे हे तरी माहीत हवं होतं." तो वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही, बरणी मात्र संपल्यावर पुन्हा आणली नाही.

आता दाणे येतात. अख्खे, चिकमगळूरकडचे, भाजल्याची तारीख छापलेले. भाजल्याच्या दुसऱ्याच दिवशीचे घेऊ नयेत, त्यांत वायू फार असतो, कपात नुसता फेस येतो. आठ-दहा दिवस थांबावं. पहिलं पुडकं फोडून मी ताटात ओतलं आणि निवडायला बसले, गव्हासारखं. मुलगा म्हणाला, "आई, कॉफी कुणी निवडत नाही." तेवढ्यात सासूबाईंनी ताट स्वतःकडे ओढलं आणि चष्मा चढवला. पाचव्या मिनिटाला एक दाणा नखावर ठेवून त्यांनी नातवापुढे धरला. टाचणीने टोचावं तसं भोक. तो जाऊन वाचून आला. कॉफीच्या फळात शिरणारा बारीक भुंगा असतो, बेरी बोरर, त्याची पिलावळ दाण्यातच वाढते. आपल्याकडे तो पहिल्यांदा १९९० साली निलगिरी भागात सापडला. आपल्याकडे घुणलेलं धान्य खात नाहीत, हे त्याला माहीत होतं. घुणलेली कॉफी मात्र त्याने बेंगळुरूत किती प्यायली असेल, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पुडकं चांगलं होतं, सगळ्यांत मिळून अकरा दाणे निघाले.

निवडता निवडता सासूबाईंना आठवलं. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो. तिथून धर्मस्थळ आणि मूडबिद्रीला जाताना चार्माडी घाटाच्या अलीकडे घरोघरी अंगणात काहीतरी तांबडं-काळं वाळत पडलेलं. "तीच का ही?" तीच. आत्तींना त्या वेळी ती बोरं वाटली होती.

दळणाचा प्रश्न आला तेव्हा मात्र मुलगा आणि आज्जी एकाच बाजूला होते, आणि ह्याचं मला अजून हसू येतं. कॉफीवाले म्हणतात, काढायच्या क्षणी दळा, दळलेली पडून राहिली की वास उडतो. आमच्या घरी पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. मसाल्याच्या पुडीलाही तोच हिशोब. "रोज ताजं दळायचं ना? मग बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि चक्कीला त्यांनी 'उभं जातं' असं नाव ठेवलं.

पहिले चार दिवस कॉफी पिण्यासारखी झाली नाही. १६ ग्रॅम पूड, ३२ ग्रॅम कॉफी, वेळ साधारण तीस सेकंद, असं त्याने फ्रिजवर लिहून चिकटवलं. पहिला कप आठ सेकंदांत भसकन आला, चिंचेच्या पाण्यासारखा. दळण बारीक केलं तर एक थेंब येईना. तो दांड्यावर लोंबकळला आणि सांगाडाच ओट्यावरून उचलला गेला. मग चक्की दोन खटके मागे, एक पुढे. पूड दाबताना वाकडी बसली की एका बाजूने पिचकारी. नळकांडं आधी तापवलं नाही तर पोलाद सगळी उष्णता खाऊन टाकतं, म्हणून उकळतं पाणी एकदा ओतून काढायचं. ते मोरीत जाताना सासूबाईंनी पाहिलं आणि रागावल्या. पाणी तुपासारखं वापरायचं, हे ह्या घरात भिंतीलाही पाठ आहे. आता तेच पाणी कपात जातं, कप तापतो, आणि मग त्यातच चाळणी धुतली जाते. पाचव्या दिवशी मधाच्या धारेसारखी बारीक, तपकिरी धार आली. उपमा मधाची आहे, चालवून घ्या. मी घोटभर घेतली. कडू, पण मागून गुळासारखं काहीतरी. मला रोज नको, रविवारी चालेल. सूर्यास्तानंतर यंत्राला हात लावायचा नाही हे त्याचं त्यानेच ठरवलं.

त्याच सुमारास एका सकाळी कोनाड्यातला तांब्या ओट्यावर दिसला. रिकामा. मी भरून दिला. दोघीही काही बोललो नाही.

राहिली वही. दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, मी परिग्रहाचा छोटासा नियम घेतला होता: स्वयंपाकघरात विजेची सहा यंत्रं, सातवं नाही. पहिलं यंत्र आलं तेव्हा मी 'ते मुलाचं आहे' म्हणत स्वतःला फसवलं होतं. दुसऱ्याला तर वायरच नव्हती. मी मोठ्या खुशीत म्हटलं, "आत्ती, हे विजेचं नाही. नियमात बसतं."

त्या दाणे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नियम विजेचा घेतला होतास, का वस्तूंचा?"

रात्री वही काढून मी 'विजेची' हा शब्द खोडला. मग मोजलं. चक्की आणि यंत्र ही जोडी मी एकच धरली, त्यावर कृपया कुणी मला पत्र लिहू नये. तरीही सात झाली. सँडविचचा टोस्टर आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या नातीला आवडायचा, तो दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेला.

रविवारी मुलगा कॉफीचा कप घेऊन सगळी कपाटं उघडत फिरत होता. "आई, टोस्टर कुठाय?"

"तव्यावर भाजून घे," सासूबाई म्हणाल्या.