सीझरनंतरचे सात दिवस

सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या आपल्या आयाबहिणींना एक वाक्य हमखास ऐकावे लागते. "फुकटात होतंय ना, मग गप पडून राहा." हे वाक्य उर्मट तर आहेच, पण ते धडधडीत खोटेही आहे, आणि का खोटे आहे हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांना पाठ असले पाहिजे. जून २०११ पासून देशात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीची शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, लागले तर रक्त आणि घरी सोडायला गाडी हा सगळा खर्च सरकारने करायचा. साधे बाळंतपण असेल तर तीन दिवस आणि सीझर असेल तर सात दिवसांपर्यंत जेवणही रुग्णालयानेच द्यायचे. हा कोणा शेटजीच्या धर्मादाय पेटीतला पैसा नाही. साबणाच्या वडीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत आपण रोज जो कर भरतो, त्यातलाच तो आहे.

या पावसाळ्यात आमच्या धाकट्या बहिणीचे सीझर मध्य मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात झाले. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की चर्चा तेवढ्या एका इमारतीवर आणि रात्रपाळीच्या एका सिस्टरवर येऊन थांबते आणि बाकी सगळे सुटतात.

शस्त्रक्रिया उत्तम झाली, हे आधी सांगितले पाहिजे. बाळाचे ठोके कमी होऊ लागल्यावर निवासी डॉक्टरांनी केलेली धावपळ आम्ही डोळ्यांनी पाहिली. खाजगी दवाखान्यात आधी डिपॉझिटची विचारणा झाली असती. त्यामुळे सरकारी रुग्णालये मोडीत काढा म्हणणाऱ्यांच्या रांगेत आम्ही नाही. आमची तक्रार पोट शिवून झाल्यानंतरची आहे.

त्या रात्री वॉर्डात चाळीसच्या वर बाळंतिणी होत्या आणि सिस्टर दोन. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की, शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. कमरेतून दिलेली भूल उतरली तशी बहीण कण्हू लागली. दुखणे थांबवणारे इंजेक्शन रात्री दहाचे लिहिलेले, मिळाले पहाटे तीनला. लघवीची पिशवी काठोकाठ भरलेली, खालची चादर रक्ताने भिजलेली, आणि बदलायला कोणी नाही. नातेवाइकांनी आत थांबायचे नाही असा नियम, म्हणून आई दाराबाहेरच्या बाकावर बसून लेकीचा आवाज ऐकत राहिली. बाळ पाच तास आईपाशी आणलेच नाही. सीझर झाले तरी तासाभरात बाळाला अंगावर पाजायला मदत करायची, हे सरकारचेच धोरण त्या वॉर्डाच्या भिंतीवर रंगवलेले होते, शेजारी गुलाबी साडीतली हसरी आई काढून.

सकाळी "ऊठ, चाल" असा हुकूम झाला. सीझरनंतर लवकर चालवतात ते बरोबरच आहे. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते करावेच लागते. पण ताजे टाके असलेल्या बाईला पहिल्यांदा उठवताना कोणीतरी हात द्यायचा असतो. तिला चक्कर आली तेव्हा धरले ते शेजारच्या खाटेवरच्या बाईने, जिचे स्वतःचे सीझर दोन दिवसांपूर्वीचे होते. बहीण कळवळून ओरडली, तर उत्तर आले, "नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस?" हे वाचून कोणाला धक्का बसला असेल तर त्याने आपल्या वस्तीतल्या चार बायकांना विचारावे.

केसपेपरवर धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले होते. ते वाचून विचारणा झाली, "म्हणजे जयभीमवाले ना?" पाठोपाठ सल्ला, "तांबी बसवूनच जा, तुमच्यात थांबत नाहीत." बहिणीचे हे पहिलेच बाळ. तिसऱ्या दिवशी खाट रिकामी करून मागितली. घरी आल्यावर सहाव्या दिवशी ताप चढला, टाक्यांतून पाणी येऊ लागले. पुन्हा रांग, पुन्हा केसपेपर, बाहेरून आणायची औषधे, आणि मग दहा दिवस रोज ड्रेसिंग.

चादर बदलायचे दोनशे रुपये "खुशी" म्हणून मागणाऱ्या मावशीवर आम्ही तेव्हा भडकलो होतो. बोलता बोलता ती नायगावची, आपल्याच समाजाची निघाली. ठेकेदाराकडे कामाला, पगार कधी दोन महिन्यांनी तर कधी तीन. स्वतःच्या बाळंतपणानंतर दीड महिन्यात ती बादली-फडके घेऊन परत उभी होती, रजेचा एक रुपया न मिळता. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आली खरी, पण ठेकेदाराच्या वहीपर्यंत ती पोहोचत नाही. खाटेवरची बाई आपली आणि खाटेखाली पुसणारीही आपली, अशी ही रचना आहे. या दोघींना एकमेकींशी भांडत ठेवणे व्यवस्थेला परवडते.

समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट पक्की कळली होती की, सरकार जे मोजते त्याचीच काळजी घेते. सरकार मोजते ते किती बायका रुग्णालयात बाळंत झाल्या ते. बाळ बाहेर आले की आकडा भरला. पण बाळंतपणातले बरेचसे मातामृत्यू त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत होतात, रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने.

बाबासाहेबांना हे "नंतर" दिसत होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतरही विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि लोककल्याण ही सरकारची जबाबदारी असल्याने त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी कायदा झाला. हा विचार नुसता ग्रंथांतून आला असेल असे आम्हाला वाटत नाही. ते तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. रमाईची चार लेकरे गेली, त्यातला राजरत्न जुलै १९२६ मध्ये. केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह परळमध्ये सुरू झाले तेही १९२६ सालीच.

याच वाडियाच्या रुग्णालयांना जानेवारी २०२० मध्ये अनुदान थकल्याने रुग्ण दाखल करणे अवघड झाले. त्याच आठवड्यात इंदू मिलमधल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याची उंची वाढवायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. पुतळ्याला पैसे आहेत आणि आंबेडकरांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले ती माणसे मेली तरी चालतील का, अशा अर्थाचे खडे बोल उच्च न्यायालयाने सुनावले. आपल्यातले अनेक जण चिडले. तिजोरीचा हिशेब मांडताना नेमका आमच्याच बापाचा पुतळा कसा आठवतो, हा त्यांचा सवाल होता, आणि तो आम्हाला आजही रास्त वाटतो. पण प्रकाश आंबेडकरांनी तेव्हा पुतळ्याचा निधी वाडियाला द्या असे जाहीरपणे सांगितले. १९२८ चे भाषण वाचलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये. शेवटी सरकारने आणि महापालिकेने काही रक्कम दिली आणि ती वेळ निभावली.

जात वॉर्डाच्या दारात चपलांसारखी काढून ठेवली जाते, असे अजूनही कोणाला वाटत असेल तर डॉ. पायल तडवी आठवा. आदिवासी समाजातली ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागातच शिकत होती. मे २०१९ मध्ये तिने जीव दिला. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे आणि खटला दाखल आहे. जिथे डॉक्टरीणबाईची ही गत, तिथे केसपेपरवर बौद्ध लिहिलेल्या बाळंतिणीने कोणाकडे दाद मागायची?

आम्ही चौघा-पाच जणांनी मिळून माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला. प्रसूतिपश्चात वॉर्डात मंजूर खाटा किती आणि प्रत्यक्ष बाळंतिणी किती, रात्रपाळीला मंजूर सिस्टर किती आणि हजर किती, गेल्या वर्षभरात सीझर झालेल्या किती जणींना सात दिवसांच्या आत घरी पाठवले आणि त्यातल्या किती जणी टाके पिकून परत आल्या, ठेक्यावरच्या मावशींना प्रसूती रजा दिल्याची नोंद आहे का. शेवटचा प्रश्न त्या नायगावच्या मावशीने सुचवला. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज सोमवारी दिला आहे. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि बहिणीचे ड्रेसिंग परवा संपले.