चाक हातात आलं!

बालदोस्तांनो, गाडी चालवता चालवता स्टिअरिंगचं चाकच हातात निघून आलं तर? नको रे बाबा! पण आज मी तुम्हाला मुद्दाम निघणाऱ्या चाकाचीच गोष्ट सांगणार आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला माझं छोटं लेथ वर्कशॉप आहे. आमचा भाग हळदीचा. ट्रॉलीचे हूक, हळद शिजवायचे कुकर, पॉलिशचे ड्रम ही आमची रोजची कामं. गेल्या मे महिन्यात माझा भाचा आला तो टेम्पोत एक विचित्र गाडी घालून. नुसता नळ्यांचा सांगाडा, एकट्याने बसायची जागा, चार चाकं. तो नांदेडला इंजिनिअरिंग शिकतो. मित्रांनी मिळून शर्यतीची गाडी करायला घेतली होती.

"मामा, याला चटकन निघणारं स्टिअरिंग बसवून द्या."

"अरे, लोक घट्ट बसवायला येतात माझ्याकडे!" मी म्हणालो.

मग त्याने समजावलं. अमेरिकेत 1981 साली विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा सुरू झाली. तसलीच 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. तिथे एक परीक्षा असते. हेल्मेट, हातमोजे, पट्टे असा सगळा जामानिमा करून चालकाने बसायचं आणि खूण होताच पाच सेकंदांत बाहेर येऊन उभं राहायचं. गाडीला आग लागली तर? जागा इतकी अरुंद, की चाक पुढ्यात असताना गुडघेच वर येत नाहीत. म्हणून चाक आधी काढायचं.

तुम्ही पंक्चरच्या दुकानात हवेचा पाइप पाहिलाय ना? कॉलर मागे ओढली की पाइप सुटतो, सोडली की पक्का. इथेही तीच युक्ती. दांड्यावर एक दातेरी तुकडा आणि त्याला गोल खाच. चाकाकडच्या भागात बारीक छर्रे. कॉलर पुढे आली की छर्रे खाचेत दबतात. मागे ओढली की मोकळे होतात. वळवण्याचा जोर दाते घेतात. छर्ऱ्यांचं काम एवढंच, की चाक बाहेर येऊ द्यायचं नाही.

दातेरी तुकडा दांड्याला वेल्डिंग करायचा होता. समोरासमोर चार टाके मारायचे, सरळ आहे का बघायचं, मग पुरं करायचं, हे मी पोरांना नेहमी शिकवतो. त्या दिवशी घाई केली आणि एकाच बाजूने ओढत नेलं. लोखंड थंड होताना आकसतं आणि आपल्याकडे खेचून घेतं. चाक आऊट गेलेल्या सायकलच्या रिमसारखं डुलायला लागलं. कापलं, पुन्हा केलं. एक दिवस गेला.

पण खरी फजिती पुढेच होती.

इंजिन बंद ठेवून गाडी अंगणात ढकलून बघायचं ठरलं. भाचा आत बसला, दोघे मित्र मागून ढकलत होते. लिंबाच्या झाडापाशी त्याने वळवलं, जरा आपल्याकडे ओढलं आणि अख्खं चाक त्याच्या हातात! गाडी वाळूच्या ढिगात जाऊन रुतली. पोरं पोट धरधरून हसली. भाचासुद्धा हसला. मला मात्र हसू येईना. मी तिथेच पायरीवर बसलो. हेच मैदानावर झालं असतं तर?

चाक उलटं करून पाहिलं. कॉलर अर्ध्यातच अडकली होती. आत पिवळा चिखल! मी मामाच्या मायेने भरपूर ग्रीस थापलं होतं आणि शेजारच्या पॉलिशच्या ड्रममधली हळदीची भुकटी त्यात जाऊन बसली होती. छर्रे खाचेत उतरलेच नव्हते. ढकलण्यापूर्वी कुणी ओढून पाहिलंही नव्हतं. मीसुद्धा नाही.

सगळं रॉकेलने धुतलं, पातळ तेलाचे दोन थेंब टाकले. मग दांड्यावर लाल रंगाची एक बारीक रेघ मारली. कॉलर पूर्ण बसली की रेघ झाकते. रेघ दिसली तर गाडी जागची हलवायची नाही. आणि 'कट्' असा आवाज आला तरी दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघायचंच.

(घरच्या मोटारीवर मात्र हा प्रयोग नको हं! 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली आहे. ती त्या चाकातच बसवलेली असते.)

संध्याकाळी परीक्षा घेतली. ताई हातात घड्याळ घेऊन उभी. पहिल्यांदा नऊ सेकंद, कारण मोजे घातलेल्या बोटांत कॉलर सापडेना. मग कॉलरवर मी बारीक खवले पाडून दिले. सात सेकंद. मग सहा. सातव्या खेपेला ताई ओरडली, "साडेचार!"

"आता पुन्हा बसव," मी म्हणालो.

त्याने चाक बसवलं, ओढून पाहिलं आणि वाकून रेघ शोधली. तोवर गल्लीतली सगळी चिल्लीपिल्ली रांगेत येऊन उभी होती. प्रत्येकाला एकदा चाक काढायचं होतं!