बिडाचा पाईप आणि पाचवी समिती



आजचा विषय पूजेचा नाही, पक्वान्नाचाही नाही. मोरी, संडास आणि त्यांच्या खालून जाणारा बिडाचा पाईप, यावर लिहिते आहे. नाक मुरडू नका. धाराशिव, भूम, परंडा, कळंबकडे आपल्यापैकी पुष्कळ जणींची घरं जुनी आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी घरांखाली असाच पाईप आहे.

आमच्या सासऱ्यांनी १९६८ साली घर वाढवलं, तेव्हा मागच्या अंगणातून चार इंची बिडाचे पाईप टाकले. एका पाईपच्या रुंद तोंडात दुसऱ्याचं टोक बसवायचं, फटीत तागाची दोरी ठासायची आणि वर वितळलेलं शिसं ओतायचं, असे त्याचे सांधे. काम इतकं पक्कं की पन्नास वर्षं कुणी खाली पाहिलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा आमच्या भिंतींना तडे गेले. ते दिसले म्हणून बुजवले. जमिनीखालचं कुणाला दिसणार? बीड वाकत नाही, तडकतं.

गेल्या वर्षी ऐन चातुर्मासात आडाच्या पाण्याला वास येऊ लागला. पाईप आडापासून सात-आठ हातांवर. घरात नळ आहे, पण पूजेचं आणि माताजींच्या आहाराचं पाणी आडाचंच. दुहेरी गाळण्यानं गाळायचं, जीवाणी हलक्या हातानं परत आडात सोडायची, गाळलेलं पाणी ४८ मिनिटांत वापरायचं, नाहीतर पुन्हा गाळायचं. सासूबाईंनी घालून दिलेला हा नेम आजवर चालू आहे. पण गाळणं जीव अडवतं, पाण्यात विरघळलेली घाण अडवत नाही. त्या दिवसापासून आडाचं पाणी बंद केलं. आमच्या आडावर बोळातली आणखी दोन घरं पाणी भरतात, त्यांनाही लगेच सांगितलं.

मिस्त्रींनी अंगण उकरलं आणि पाईपवर हातोडीनं हलकेच ठोकत गेले. चांगल्या बिडाचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द. एका जागी तर त्यांनी पेचकस टेकवला आणि तो पाटीवरच्या पेन्सिलीसारखा आत रुतला. वरून पाईप अखंड दिसत होता! ओल्या मातीत वर्षानुवर्षं राहून बिडातलं लोखंड झिजून जातं आणि उरतं ते ग्राफाईट. आकार तोच, ताकद गेलेली. आतूनही झीज होते. मैल्यातून निघणारा वायू पाईपच्या वरच्या ओलसर भागावर जिवाणूंमुळे तेजाब होतो आणि छत खात राहतो. त्यात आपण संडास पांढरा दिसावा म्हणून ॲसिडची बाटली ओततो. ते फरशीचा डाग काढतं आणि पुढे जाऊन पाईपला लागतं.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, किती दिवस डागडुजी करणार? विकून टाका आणि इकडे या." यजमानांचंही मन डळमळलं. मी बी.कॉम. झालेली बाई, घसारा मला कळतो. हिशेबाच्या वहीत त्या पाईपची किंमत केव्हाच शून्य झाली आहे. पण घर विकलं म्हणून पाईप गळायचा थांबत नाही. पुढचा मालक कुलूप लावून गेला, तर त्या दोन घरांच्या आडात आमचीच घाण झिरपत राहील. "जायचंच असेल तर पाईप बदलून जाऊ," मी म्हटलं. यजमान काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पीव्हीसी पाईपचा भाव विचारून आले.

कुणी म्हणालं, एम-सील थापा. ते चार दिवसांचं काम. मिस्त्रींनी बावीस फूट पाईप कापून काढला, पीव्हीसी टाकला आणि जुन्या-नव्याच्या जोडावर रबरी कपलिंग घातलं. चाळीस फुटांना एक फूट असा ढाळ धरला. घराच्या भिंतीतला उभा पाईप खणखणीत वाजला, म्हणून तो तसाच ठेवला. माती ओढण्याआधी मी एक हट्ट धरला. खालचं तोंड बंद करून पाईप पाण्यानं भरायचा, वर खडूची खूण करायची आणि थांबायचं. पाणी खुणेवरून हललं नाही, तेव्हाच अंगण बुजवू दिलं.

मधेच एक प्रसंग घडला. जुना चेंबर तुंबला होता. मिस्त्रींबरोबरचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा शर्ट काढून आत उतरायला निघाला. मी आडवी गेले. "काकू, दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. दोन मिनिटं पुरतात म्हणूनच भीती. तुंबलेल्या चेंबरमधला वायू माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. माणसाला मैल्यात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. काम एक दिवस थांबलं, मैला उपसणारी गाडी मागवली, खर्च वाढला. उकळतं पाणी मोरीत ओतू नये, किडामुंगी मरते, हे आपण सुनांना सांगतो. मग मोरीच्या टोकाला उभ्या असलेल्या पोराचं काय?

मुनींच्या पाच समित्यांमध्ये पाचवी प्रतिष्ठापना समिती. मलमूत्र टाकायचं तेही जागा पाहून, जीव नसेल तिथे, कुणाला पीडा होणार नाही असं. आपण गृहस्थ तेवढं पाळू शकत नाही. पण आपली घाण शेवटी कुठे जाते, कुणाच्या आडात, कुणाच्या अंगावर, एवढं पाहणं आपल्या हातात आहे.

आपल्या धाराशिवच्या लेण्यांशी जोडलेली करकंडू राजाची कथा तुम्ही ऐकली असेल. पार्श्वनाथांच्या मूर्तीच्या सिंहासनावर एक गाठ होती. म्हाताऱ्या कारागिरानं सांगितलं, आतला झरा कोंडण्यासाठी ती घातली आहे. राजानं ती फोडली आणि लेणं पाण्यानं भरलं. जुन्या कारागिरानं काय, कुठे आणि का बंद केलं, ते फोडण्याआधी विचारावं. आमच्याकडे विचारायला सासरे नव्हते, म्हणून आता मीच वहीत नकाशा काढून ठेवला आहे: पाईप कुठून जातो, सांधे कुठे, चेंबर कुठे.

आड तीनदा उपसला. सरकारी प्रयोगशाळेत पाणी दोनदा तपासलं. दुसऱ्यांदा चांगलं निघालं, तेव्हा आधी त्या दोन घरांना कळवलं आणि मग आमची घागर आत सोडली.

तुमच्या घरचा पाईप कधीचा आहे? घरातल्या वडीलधाऱ्यांना या पर्युषणाआधी विचारून ठेवा.

जय जिनेंद्र.